उजव्या बाजूचा पाटा

मी पाटा बोलतोय. पाटा म्हटल्यावर तुम्हाला खोबरं-मिरची वाटायचा पाटा आठवला असेल, तर तो मी नव्हे. मी मोटारीचा पाटा. पोलादी पट्ट्या एकावर एक रचून, मधोमध आवळून केलेली एक लांब कमान. मागच्या चाकांवर येणारं गाडीचं आणि माणसांचं ओझं आम्ही तोलतो. गाडीत बसणाऱ्याला आम्ही दिसत नाही. रस्त्यात खड्डा आला आणि कंबर शाबूत राहिली तर ती आमची कृपा समजावी, पण तसं आजवर कोणी समजलेलं माझ्या ऐकण्यात नाही.

सध्या मी दोन विटांच्या जोडांवर आडवा पडलोय. माझ्यावर एक फळी आहे. हे असं का झालं ते सांगतो. माझ्यात काही दोष होता म्हणून झालेलं नाही, एवढं आधीच सांगून ठेवतो.

माझा जन्म वेस्ट ब्रॉमविच या विलायती गावातल्या एका कारखान्यातला. त्या भागात तेव्हा घरटी एक माणूस भट्टीपाशी राबायचा. मला लालबुंद तापवलं, वाकवलं, तेलात बुडवलं. माझ्या मागोमाग त्याच भट्टीतून माझा भाऊ निघाला. एकाच गाडीला लागायचं म्हणून आमची जोडी बांधली गेली. मी उजव्या बाजूला, तो डाव्या. म्हणजे चालवणाऱ्याचं ओझं माझ्याकडे आणि शेजारी बसणाऱ्याचं भावाकडे. आमची गाडी निळी, बुटकी, दोनच माणसांची आणि वरून उघडी. त्या देशात आठवड्यातले चार दिवस आभाळातून काहीतरी गळत असतं, तरी तिथल्या लोकांना उघड्या गाडीचं भलतंच वेड.

आमचा पहिला मालक स्टोअरब्रिजचा एक दातांचा डॉक्टर होता. दोन वर्षांत त्याचं मन गाडीवरून उडालं. मग आला क्लिफर्ड ट्रँटर. डडली गावात कुलपांच्या कारखान्यात तो तपासनीस होता. तरुण, काटकुळा, हसरा. गाडी घ्यायला आला तेव्हा त्याच्याबरोबर डोरीन होती. लग्न ठरलेलं होतं. तिनं गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाली, "क्लिफ, आपल्याला मूल झालं तर त्याला कुठे बसवायचं? डिकीत?"

"झालं तर बघू की," क्लिफर्ड म्हणाला.

"झालं तर बघू! पलंगसुद्धा न घेता गाडी घेणारा नवरा मिळालाय मला," असं म्हणत ती आत जाऊन बसली.

ती बसली तेव्हा भाऊ मला म्हणाला, "अरे, किती हलकी आहे ही! बसली तेसुद्धा कळलं नाही."

गाडीखालून आम्हा पाट्यांना चेहरे दिसत नाहीत. आम्ही माणसं वजनावरून ओळखतो. कोण धप्पकन बसतं, कोण अंग चोरून बसतं, कोण वळणावर दाराला टेकतं, सगळं आमच्या अंगावर उमटतं. माझ्या वाट्याला क्लिफर्ड आला. डोरीन माझ्या बाजूला कधीच बसली नाही. तिला गाडी शिकायचीच नव्हती. "मला बसवून ने, मी जगाच्या टोकापर्यंत येईन, पण त्या चाकाला हात लावायला सांगू नकोस," असं ती म्हणायची. म्हणून तिच्याबद्दल जे काही कळायचं ते भावाकडून.

लग्नानंतर ती दोघं बारमथला समुद्रावर गेली. डोक्याला रुमाल बांधून, मांडीवर सँडविचचा डबा घेऊन डोरीन वेल्सच्या डोंगरात मोठमोठ्यानं गात होती. भाऊ म्हणाला, "गाताना ही पाय आपटते रे. मजा येते." ते दिवस चांगले होते.

आणि क्लिफर्ड आमची काळजी घ्यायचा, हेही खोटं नाही. दरवर्षी थंडी सुरू व्हायच्या आत तो गाडीखाली पाठीवर झोपायचा. तारेच्या ब्रशानं आमचा गंज काढायचा, इंजिनाचं जुनं तेल पट्ट्यापट्ट्यांत भरायचा. मग माझ्या पाठीवर थाप मारून म्हणायचा, "तुम्ही दोघं आहात म्हणून मी आहे रे पोरांनो. नाहीतर रस्त्यावर बसलो असतो." माणूस मनापासून बोलतोय की उगाच, हे लोखंडाला कुठून कळणार? मी ते वाक्य धरून बसलो.

पुढे हेझेल झाली. मूल कुठे बसवायचं हा प्रश्न खराच निघाला. गाडी कापडाखाली गेली आणि ती तिघं बसनं फिरू लागली. मुलगी मोठी होईतो आम्ही अंधारातच होतो. मग तिला नोकरी लागली, ती लंडनकडे गेली आणि कापड निघालं. क्लिफर्ड बसला आणि मी कण्हलो. माणूस दीडपट झाला होता. बिअर, पोर्क भरलेल्या कचोऱ्या आणि कारखान्यातली खुर्ची, सगळ्याचा हिशेब मला एका क्षणात कळला. पण मी तोललं. तोलणं हेच तर माझं काम.

डोरीन मात्र येईना. तिची आई वुल्व्हरहॅम्प्टनला अंथरुणाला खिळली होती. आठवडाभर डोरीन शाळेच्या स्वयंपाकघरात पोरांसाठी बटाटे उकडायची आणि रविवारी सकाळी बस धरून आईकडे जायची. तिला न्हाऊ घालायचं, चादरी बदलायच्या, जेवू घालायचं आणि संध्याकाळी परत यायचं.

"मी सोडतो ना तुला गाडीनं," क्लिफर्ड सुरुवातीला म्हणाला होता.

"नको रे. तुला आठवड्यातनं एकच सुट्टी. तू जा तुझ्या गाडीवाल्या मंडळींत," डोरीन म्हणाली. हे मी माझ्या कानांनी ऐकलंय. तिनं त्याला मोकळा रविवार दिला होता.

जुन्या गाड्या बाळगणाऱ्यांचं त्या भागात एक मंडळ होतं. महिन्यातून एकदा ब्युडलीजवळ नदीकाठच्या एका पबमागच्या मैदानात सगळे जमायचे. एकमेकांच्या गाड्यांची बॉनेटं उघडून आत बघायचे, माना डोलवायचे आणि घरी जायचे. तिथे क्लिफर्डचा जिवलग दोस्त होता लेन बेलिस. लेनचं डडलीतच खाटिकाचं दुकान होतं. मोठा आवाज, मोठं पोट आणि मन त्याहून मोठं. त्याचीही गाडी आमच्यासारखीच, फक्त पांढरी.

सुरुवातीला क्लिफर्ड एकटाच फिरायचा. मग एका रविवारी गाडी एका बसथांब्याशी थांबली. डावं दार उघडलं आणि भाऊ दचकला.

"डोरीन आली?" मी विचारलं.

भावानं तिचं वजन जोखलं. मग म्हणाला, "ही डोरीन नाही. ही बसताना एकदम मागे रेलते. आणि दार स्वतः लावत नाही, तो उतरून लावतो."

पुढच्या रविवारीही तीच. त्याच्या पुढच्याही. मी उजवीकडे त्याला तोलत होतो, भाऊ डावीकडे तिला. गाडी सेव्हर्न नदीच्या काठाकाठानं जायची, झाडांखाली उभी राहायची, संध्याकाळ व्हायच्या आत परत यायची. घरी आल्यावर क्लिफर्ड डावी सीट ओल्या फडक्यानं पुसायचा. आणि बसनं दमून आलेली डोरीन त्याला बघून म्हणायची, "बाई बाई, किती ती निगा! माझ्या चुलीला कधी असा हात लावलास का?"

मला त्या माणसाची लाज वाटू लागली. पण पाट्याला लाज वाटून उपयोग काय? अशी वर्षं गेली.

आता त्या मंडळाची एक गंमत सांगतो, कारण सगळं घोडं तिथेच अडलं. ऑगस्टात त्यांची जत्रा भरायची. केक, लोणच्याचे कांदे, बँड, बायकापोरं. त्या दिवशी सगळ्या गाड्या रांगेत उभ्या करायच्या आणि प्रत्येकीच्या मागच्या बंपरवर गवंडी वापरतात ती बुडबुड्याची पाणपातळी ठेवायची. दोघांची गाडी एकटाच चालवत राहिला की उजवा पाटा दमतो, डावा ताजा राहतो आणि गाडी उजवीकडे झुकते. म्हणजे ज्याची गाडी जास्त झुकलेली, त्याची बायको त्याच्याबरोबर फिरत नाही. अशा माणसाला सगळ्यांसमोर बक्षीस द्यायचं एक चहाचा कप. एकच कप, जोड नसलेला. हशा, टाळ्या, आणि कपवाल्यानं सगळ्यांना बिअर पाजायची. तो कप दरवर्षी लेनला मिळायचा.

त्या वर्षी वसंतात डोरीनची आई गेली. ऑगस्टात डोरीन म्हणाली, "यंदा मी येणार जत्रेला."

"कंटाळशील गं. तिथं नुसत्या तेलाच्या गप्पा," क्लिफर्ड म्हणाला.

"इतकी वर्षं मी म्हातारीची चादर बदलली. तेलाच्या गप्पांनी मला काय होणार?"

ती येऊन बसली. भाऊ हळूच म्हणाला, "डोरीन आलीय रे. अजून हलकीच आहे."

मैदानात पाणपातळी गाडी-गाडीवरून फिरत आमच्यापाशी आली. मंडळाच्या सेक्रेटरीनं ती बंपरवर ठेवली. बुडबुडा बरोबर मधोमध उभा राहिला.

लेन ओरडला, "बघा बघा! गेली पाच वर्षं ह्याचा बुडबुडा हलत नाही. अरे, डोरीनला टाळ्या द्या! दर रविवारी नवऱ्याशेजारी बसते ही बाई. नाहीतर आमची बायको, पॉलीन! उघड्या गाडीचं नाव काढलं की तिला मळमळतं. आजसुद्धा आली नाही."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. डोरीनच्या हातात ब्रेड पुडिंगचं ताट होतं. ती ताट धरून उभी राहिली. "थँक यू," एवढंच म्हणाली.

परतताना गाडी घराच्या रस्त्याला लागली. मग डोरीननं विचारलं, "क्लिफ, सगळ्यांच्या गाड्या झुकल्यात. आपली का नाही?"

"अगं, त्या मैदानाला उतार आहे."

"उतार सगळ्यांनाच होता."

"आपल्या दारात कधी नीट बघ. चांगली झुकते उजवीकडे."

"बघते," डोरीन म्हणाली. "हेझेलकडे चार दिवस जाऊन येते आणि बघते."

भाऊ मला म्हणाला, "आज ही गात नाहीये. पायसुद्धा हलवत नाहीये."

त्यांच्या दारात सिमेंटची सपाट जमीन होती. तिथे गाडी दोन्ही बाजूंना तोलून उभी राहायची, कारण आम्ही दोघांनी सारखंच ओझं वाहिलं होतं. डोरीन शनिवारी परत येणार होती. तोवर गाडी झुकायला हवी होती, नाहीतर क्लिफर्डचं घर बसणार होतं.

आता खरी गोष्ट ऐका. लेननं कप घरी नेला आणि या वेळी त्याचं डोकं फिरलं. "पुरे झालं हसं," म्हणून त्यानं आपल्या गाडीला दोन नवे पाटे घातले. जुने अंगणात टाकले. क्लिफर्ड त्याच्याकडे गेला आणि गेटाला अडणा करायचाय असं सांगून त्याचा जुना उजवा पाटा उचलून घेऊन आला. दमलेला, सपाट झालेला, कमान उरलीच नव्हती. लेननं आपल्या दुकानाच्या दाराला लावलेला हिरवा रंग उरला होता तो कधीतरी त्यालाही फासला होता.

डोरीन गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी क्लिफर्डनं गाडी जॅकवर उचलली. मला वाटलं, थंडी यायची आहे, तेल द्यायला आला. पण हातात ब्रश नव्हता, पाना होता. मला चाकांच्या आसाशी आवळून धरणारे यू-बोल्ट निघाले. मग पुढचा बोल्ट. तो इतक्या वर्षांत जाम झालेला. क्लिफर्डनं त्याच्यावर तेल ओतलं, हातोडा मारला, शिव्या घातल्या, शेवटी करवतीनं कापला. बोल्टाभोवतीची रबरी नळी, म्हणजे बुश, कापताना करवत माझ्याही अंगाला लागली.

भाऊ घाबरून म्हणाला, "तुला का काढतोय? तुझं काय बिघडलंय?"

"काही नाही बिघडलं," मी म्हणालो. ते आमचं शेवटचं बोलणं.

मला जमिनीवर टाकलं तेव्हा माझी कमान शाबूत होती, एकही पट्टी तडकलेली नव्हती. क्लिफर्डनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा. त्याला हे दिसत होतं. चांगला पाटा काढून तो मेलेला पाटा घालत होता, का, तर त्याचं खोटं खरं दिसावं. ज्यानं त्याला इतकी वर्षं रस्त्यावर बसू दिलं नाही, त्याला त्यानं दोन्ही हातांनी उचललं आणि शेडमागच्या खाजकुइलीसारख्या खाज आणणाऱ्या झुडपांत भिरकावलं. थाप नाही, शब्द नाही. मला राग आला नाही असं मी म्हणणार नाही. आजही येतो.

झुडपांतून शेडच्या बाजूच्या फटीतून मला दार दिसत होतं, गाडीचा मागचा भागही. पहिल्यांदाच मी माझी गाडी बाहेरून बघत होतो.

पाटा बसवताना एक गोष्ट पाळायची असते. रबरी बुशांचे बोल्ट गाडी अधांतरी असताना आवळायचे नसतात. सैल ठेवायचे, गाडी चाकांवर उतरवायची, ओझं बसू द्यायचं आणि मग आवळायचे. नाहीतर रबर अधांतरीच्या जागी घट्ट होतं आणि गाडीला खाली बसू देत नाही. मंडळातल्या प्रत्येकाला हे पाठ होतं. क्लिफर्डलाही. त्यानं स्वतः कितीतरी जणांना त्यावरून हसलेलं आहे. पण चोरीचं काम करणाऱ्याला घाई असते. त्यानं सगळं वरच्या वर आवळलं आणि जॅक काढला.

गाडी खाली आली आणि उजवी बाजू वरच राहिली. गाडी झुकली, पण डावीकडे!

क्लिफर्ड मागे जाऊन बघतो, पुढे जाऊन बघतो. उजव्या चाकावरच्या पत्र्यावर जाऊन बसला. उड्या मारल्या. शेजारच्या म्हातारीनं पडदा बाजूला करून पाहिलं. मी झुडपांत पडल्या पडल्या हसलो, आणि मग लगेच हसू गेलं, कारण डावीकडे सगळं ओझं माझ्या भावावर पडलं होतं.

त्याला पुन्हा सगळं खोलायला वेळ मिळाला नाही. डोरीन एक दिवस आधीच आली. हातात बॅग, अंगात पावसाळी कोट. ती फाटकातच थांबली.

"क्लिफ."

"अगं, तू उद्या येणार होतीस ना?"

"ही डावीकडे झुकलीय."

"पाटा गेला असेल. जुनी गाडी आहे."

"चार दिवसांपूर्वी सरळ होती. तू म्हणालास उजवीकडे झुकते. आता डावीकडे झुकलीय. माझ्या जागेवर कोण एवढं जड बसलंय रे?"

"वेड्यासारखं बोलू नकोस. बघतो मी सोमवारी."

"तू नको बघूस. लेनला बोलावते."

"लेनला कशाला त्रास? शुक्रवारी त्याच्या दुकानात गर्दी असते."

"संध्याकाळी येईल," असं म्हणून ती आत गेली आणि तिनं फोन लावला.

लेन आला. सॉसेजची पुडी डोरीनच्या हातात दिली, गुडघ्यावर बसला आणि कण्हत कण्हत पाठीवर झोपून गाडीखाली सरकला. बाहेर फक्त त्याचे बूट राहिले. डोरीन पायरीवर उभी, क्लिफर्ड गाडीला टेकून.

"अरे माठ्या!" खालून लेनचा आवाज आला. "अधांतरीच आवळलेस की बोल्ट. लोकांना अक्कल शिकवतोस आणि स्वतः हे उद्योग? आणि हे काय... क्लिफ, हा तर माझा पाटा! हा हिरवा रंग माझ्या दुकानाचा. गेटाला म्हणून नेलास ना?"

क्लिफर्ड म्हणाला, "माझा तुटला होता."

"कुठाय तो?" डोरीननं विचारलं.

"भंगारात दिला."

डोरीन पायरी उतरली. तिनं विचारलं, "लेन, हा पाटा चांगला आहे का?"

"चांगला? अगं, मेलाय हा. ह्याच्यावर कोणी कुत्रंसुद्धा बसवणार नाही. हा घातला की गाडी उजवीकडे झुकणारच. आत्ता बुशांनी धरून ठेवलीय म्हणून, नाहीतर..." लेन थांबला. "चांगली सरळ गाडी होती. मुद्दाम झुकवायची कशाला?"

डोरीननं क्लिफर्डकडे बघितलं. तिला उत्तर मिळालं होतं. फक्त नाव मिळायचं होतं. लेन बिचारा शांतता भरून काढायला बोलत राहिला.

"तुम्ही नशीबवान रे, दोघं मिळून फिरता. आमच्याकडे रविवार आला की पॉलीन निघाली बहिणीकडे, किडरमिन्स्टरला. कितीही सांगा, रविवार चुकवायची नाही."

"ईडिथकडे?" डोरीननं विचारलं.

"हां, ईडिथकडे."

"दर रविवारी?"

"दर रविवारी. कालपरवाचं नाही, कितीतरी वर्षांचं."

डोरीन सावकाश म्हणाली, "लेन, ईडिथ माझ्याबरोबर शाळेच्या स्वयंपाकघरात होती. ती मुलाकडे कार्डिफला राहायला गेली. निरोपाचा केक मीच केला होता. त्याला आता तीन वर्षं झाली."

गाडीखाली पाना वाजत होता तो थांबला. लेनचे बूट हलत होते तेही थांबले.

क्लिफर्ड म्हणाला, "चहा ठेवू का?"

त्या देशात माणसं असल्या वेळीसुद्धा चहाच ठेवतात. लेन खालून बाहेर येईना. मला फटीतून ते दोन बूट दिसत होते, टाचा जमिनीला टेकलेल्या. मला वाटलं तो आता उठेल आणि पाना क्लिफर्डच्या डोक्यात घालेल. पण मग पाना पुन्हा वाजू लागला. त्यानं एकेक बोल्ट सैल केला. गाडी करकरली आणि चाकांवर नीट बसली. मग त्यानं सगळे बोल्ट पुन्हा आवळले, जसे आवळायला हवे होते तसे. हातातलं काम अर्धं टाकणं त्याच्या स्वभावात नव्हतं.

मेलेला पाटा दबला आणि गाडी उजवीकडे झुकली. क्लिफर्डला हवी होती तितकीच.

लेन बाहेर आला. तोंडाला काळं लागलेलं, डोळे लाल. त्यानं क्लिफर्डकडे बघितलंच नाही. गाडीकडे बोट दाखवलं.

"घे," तो म्हणाला. "एकट्या माणसाची गाडी झाली."

क्लिफर्ड त्याच आठवड्यात एक बॅग घेऊन गेला. पॉलीनही गेली, पण त्याच्याबरोबर नाही. ती ईडिथकडे कार्डिफला गेली म्हणे, या खेपेला खरोखर. क्लिफर्ड गाडी घेऊन गेला आणि गाडीबरोबर माझा भाऊ गेला. भावाच्या शेजारी आता मी नाही, लेनचा मेलेला पाटा आहे. तो बोलतो की नाही, मला माहीत नाही.

काही दिवसांनी डोरीन शेडमागची झुडपं कापत होती. विळा माझ्यावर आदळला. तिनं मला ओढून बाहेर काढलं, हातांनी माती पुसली आणि माझी कमान बघत उभी राहिली. भंगारात दिलेला पाटा! तिनं लेनला बोलावलं.

"हा घेऊन जा लेन. ठणठणीत आहे. तुझ्या कामाला येईल."

लेननं मला दोन्ही हातांनी उचललं, वर-खाली बघितलं. एक क्षण मला वाटलं, आता पुन्हा चाकावर जाईन. पण त्यानं मला खाली ठेवलं.

"नको," तो म्हणाला. "ह्यानं तिला वाहून नेलंय."

मी नाही हो नेलं! माझ्यावर पॉलीन कधीच बसली नाही. मी फक्त त्याला तोललं, ज्याला तोलायला मला बनवलं होतं. पण हे त्या भल्या माणसाला सांगणार कोण? क्लिफर्डनं मला फेकलं त्यापेक्षा लेननं खाली ठेवलं ते जास्त लागलं. फेकणारा लबाड होता. खाली ठेवणारा तर आमच्यासारखाच फसलेला होता.

लेन जायला निघाला, मग परत वळला. म्हणाला, "पण टाकू नकोस. दे इकडे." त्यानं मागच्या दारापाशी विटांचे दोन जोड रचले, माझी दोन टोकं त्यावर ठेवली, वर एक फळी बांधली. "बूट काढायला बसत जा," म्हणाला. मग तो गेला. आता तो अधूनमधून येतो, सॉसेज देतो, जातो. फळीवर मात्र बसत नाही.

तुम्हाला एवढंच सांगणं आहे. गाडी एका बाजूला झुकली की सगळे गुडघे टेकून खाली वाकतात आणि आमच्याकडे बघतात. पाटा दमला, पाटा मेला, पाटा बदला. एकदा वरही बघत जा, कोणत्या जागेवर कोण बसलंय आणि कोण बसायचं राहिलंय. आम्ही जे वाहतो तेच दाखवतो. आमच्यापाशी दुसरी अक्कल नाही.

काल संध्याकाळी डोरीन बागेतून आली. चिखलाचे बूट, हातात दोन कांदे. ती माझ्यावर बसली. बूट काढले आणि मग उठली नाही, तशीच बसून राहिली, अंधार पडेपर्यंत. इतक्या वर्षांत तिचं वजन मी पहिल्यांदाच अंगावर घेतलं.

भाऊ म्हणायचा, ही फार हलकी आहे. तेवढी हलकी नाही ती.